पोचल्याची वेळ

प्रोफेसर स्मोक्विनांच्या लेखाला बक्षीस मिळालं हे मला आधी पोस्टमननं सांगितलं, कारण दुसऱ्यांची पाकिटं फोडून वाचायची त्याला जुनी खोड आहे. "पेरीना, आरोग्यसेवा आणि धोरणावरचा वर्षातला सर्वोत्कृष्ट लेख," तो म्हणाला, "आणि तोही आपल्या बेटावरचा. आता काय, आपल्यावर फुलंच पडतील."

"पडू देत," मी म्हटलं. "सध्या दवाखान्याच्या छपरातून पाणी पडतं, त्यापेक्षा बरं."

लेख माझ्या वहीवर बेतलेला. बावीस वर्षं मी या बेटावर नर्स आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तेही समुद्राची परवानगी असेल तर. एरवी मी आहे, आणि धक्क्याला रुग्णबोट आहे. कुणाचं जास्त झालं की येरको बोट काढतो आणि समुद्रापलीकडे, स्प्लिट शहरातल्या इस्पितळात नेतो. मी वहीत चार रकाने आखलेत: नाव, दुखणं, फोन आल्याची वेळ, इस्पितळात पोचल्याची वेळ. दक्षिणेचा वारा, आमचा युगो, सुटला की बोटही निघत नाही आणि हेलिकॉप्टरही उडत नाही. मग चौथ्या रकान्यात कधी कधी मला आडवी रेघ ओढावी लागते.

प्रोफेसर तीन आठवडे आले होते. दोनशे चौदा नोंदी उतरवून घेतल्या, भाजलेले बांगडे खाल्ले, उन्हानं लाल होऊन गेले. आम्हाला वाटलं, आपलं काम झालं. कारण नियम असा की पोचायला सरासरी साठ मिनिटांच्या वर लागत असतील तर बेटाला कायमचा डॉक्टर मिळतो. आम्हाला तेवढंच हवं होतं.

लेखात सरासरी निघाली बावन्न.

मी त्यांना फोन केला. "प्रोफेसर, रेघा असलेल्या अकरा जणांचं काय केलंत?"

"सिस्टर, त्या नोंदी अपूर्ण आहेत. अपूर्ण नोंदी वगळाव्या लागतात. शास्त्र आहे ते."

"अपूर्ण कसल्या? मेले ते."

"तेच म्हणतोय मी. पोचल्याची वेळच नाही."

सत्तेचाळिसाव्या ओळीत माझा धाकटा भाऊ प्रोश्पे आहे. छातीत कळ, फोन सकाळी नऊ दहाला, पुढे रेघ. तो माझ्यासमोर गेला आणि मी त्याचा हात धरून खिडकीतून लाटा बघत बसले होते. असा माणूस शास्त्राला अपूर्ण वाटला. बक्षीस समितीनं तर 'नोंदींच्या स्वच्छतेचं' खास कौतुक केलं. बरोबरच आहे, मेलेले झाडून काढल्यावर स्वच्छच दिसणार.

बक्षीस मिळाल्यामुळे राजधानीतल्या, झाग्रेबच्या आरोग्यखात्यातल्या साहेबांनी लेख वाचला, म्हणजे पहिलं पान वाचलं. बावन्न मिनिटं, उत्तम सेवा, कायम डॉक्टरची गरज दिसत नाही. शेवटचा निर्णय वसंतात, असं पत्र आलं.

मार्चमध्ये प्रोफेसर सन्मानपट्टिकेची एक प्रत आमच्या दवाखान्यात लावायला आले. बेटाचा सन्मान म्हणे. गावच्या बायकांनी मासे शिजवले, सरपंचांनी भाषण पाठ केलं. युगो सकाळपासूनच घोंघावत होता. पट्टिकेचा दुसरा खिळा ठोकता ठोकता प्रोफेसरांनी कंबर धरली आणि खाली बसले. मूतखडा. घामानं निथळत होते बिचारे.

बाराला पाच मिनिटं असताना मी येरकोला फोन केला. तो आला, दारातनंच समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "आज नाही."

"नाही म्हणजे?" प्रोफेसर कण्हत म्हणाले. "सरासरी बावन्न मिनिटं लागतात."

"मग सरासरीत बसून जा," येरको म्हणाला. "माझ्या बोटीत आज कुणी बसत नाही."

माझ्याकडे जे इंजेक्शन होतं ते मी दिलं. त्याहून जास्त द्यायला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर का नाही हे खाटेवर आडवं पडलेलंच होतं. मी वही उघडली. नाव लिहिलं, दुखणं लिहिलं, फोनची वेळ लिहिली. चौथा रकाना रिकामा ठेवला. ते त्या रकान्याकडे बघत राहिले.

"सिस्टर, मी नाही पोचलो तर?"

"काळजी कशाला करता, वगळू तुम्हाला."

ते रडायला लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कपाळ पुसलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. "पोचलो की दुरुस्ती छापतो. आईची शपथ."

वारा पहाटे पडला. सात वाजायला पाच कमी असताना ते स्प्लिटला पोचले. एकोणीस तास. मी चौथ्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं.

मग मी वाट बघितली. वेड्यासारखी दवाखान्यावरची खोली झाडली, खिडक्यांना निळा रंग दिला. डॉक्टर येणार, त्याला समुद्र दिसायला हवा.

सहा आठवड्यांनी पोस्टमन पाकीट फोडून वाचतच आला. दुरुस्ती चार ओळींची होती. एक नोंद नव्यानं जमेस धरली आहे. सरासरी बावन्नऐवजी सत्तावन्न. प्रामाणिकपणाबद्दल समितीनं लेखकाचं अभिनंदन केलं आहे.

एक नोंद. त्यांची स्वतःची. आणि सत्तावन्न म्हणजे साठाच्या आतच.

मी फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "सिस्टर, मी खूप विचार केला. पण त्या अकरा जणांच्या रकान्यात लिहू काय? त्यांची वेळ नाही हो."

मी फोन आपटला आणि येरकोकडे गेले. तो बोटीत जाळं शिवत बसला होता. मी विचारलं, "प्रोश्पेला तू नंतर नेलंस ना?"

"नेलं की. वारा पडल्यावर सगळ्यांनाच नेतो. इस्पितळाच्या दाखल्याशिवाय पुरू देतात का?" त्यानं सीटखालून बोटीची डायरी काढली. "प्रत्येक फेरीची वेळ आहे इथे."

बावीस वर्षं मी रेघा ओढत होते. मेलेल्याची वेळ काय लिहायची म्हणून. माझीही अक्कल तेवढीच.

संध्याकाळी अकराही रकाने भरले आणि बेरीज तीनदा केली. मग पुन्हा फोन लावला.

"प्रोफेसर, नोंदी पूर्ण झाल्या. दोनशे पंधरा माणसं, सरासरी एकशे सव्वीस मिनिटं."

 ते हळूच म्हणाले, "पण सिस्टर, ते पोचले तेव्हा..."

"रकान्यावर 'पोचल्याची वेळ' लिहिलंय. 'जिवंत' असं मी कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हीही विचारलं नव्हतं."

पलीकडे खुर्ची सरकली, कागद चाळल्याचा आवाज आला. "सांगा," ते म्हणाले. "नाव आणि वेळ. एकेक करून. मी लिहून घेतो."

मी सत्तेचाळिसाव्या ओळीपासून सुरुवात केली.