साठ दात आणि हळदीचं बोट

मित्रांनो, पंचवटीत एका अरुंद गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिच्या खिडकीशेजारी लाकडी खुंटीवर सकाळचं ऊन अंगावर घेत लटकलेलं मी एक जुनं गोल पातं आहे. करवतीच्या यंत्रात बसवतात ते. सुतार मला ब्लेड म्हणतात. माझ्या कडेला साठ दात आहेत. मोजायचे असतील तर आत्ताच मोजा, कारण मी फिरू लागलो की ते दिसेनासे होतात. दातच काय, मीही दिसेनासा होतो. उरते ती हवेत थरथरणारी एक चंदेरी सावली. अशा वेळी मी जागा असतो की झोपेत, हे मला अजून उमगलेलं नाही. लाकूड माझ्यातून जातं आणि जाता जाता आपली स्वप्नं माझ्या दातांच्या कानात सांगून जातं. सागाच्या स्वप्नात मोठ्या पानांवर वाजणारा वारा असतो. आंब्याच्या स्वप्नात मुंग्यांची रांग असते आणि खाली कोणीतरी डुलक्या घेत बसलेलं असतं.

माझा जन्म सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला. पोलादाच्या पत्र्यातून मला गोल कापलं, कडेला खाचा पाडल्या आणि प्रत्येक खाचेपाशी कठीण धातूचा एक इवलासा दात तापवून घट्ट बसवला. मग दातांना धार दिली. एक दात डावीकडे उतरता, पुढचा उजवीकडे उतरता, पुन्हा डावीकडे. असे दात लाकडाचे तंतू ओरबाडत नाहीत. आधी दोन्ही कडांना चिरतात, मगच पुढे सरकतात. हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कशासाठी घडवलंय, हे घडताना कुठे कळतं?

नाशिकच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी कितीतरी महिने धूळ खात होतो. एके दिवशी तिथे संजना आली. तिशीतली, केसांत लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल. तिचे वडील भिकन मिस्त्री हे पंचवटीतले नावाजलेले सुतार. चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, तेव्हापासून शेड संजनाच सांभाळत होती. पण गिऱ्हाईक दारात आलं की तिच्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" गल्लीतले लोक म्हणायचे, पोरगी फळ्या ठोकते बरी, नाजूक कामाचं मात्र सांगता येत नाही. भिकन मिस्त्री यावर काही बोलत नसत. संजनाला ते न बोलणंच जास्त लागायचं.

त्या दिवशी तिला ब्लेड हवं होतं ते एका पेटीसाठी. सुरगाण्याकडच्या डोंगरातून भागीबाई नावाची आजी जीपनं एक फळी घेऊन आली होती. शिवणीच्या लाकडाची, सायीच्या रंगाची, पाऊण इंच जाडीची. तिच्या नवऱ्यानं, मंगळूनं, बांधावर लावलेलं झाड वाऱ्यात पडलं होतं. मंगळू त्याच्या आधीच गेला होता. झाडाची एवढीच फळी चांगली निघाली. तिची भागीबाईला बियाण्याची पेटी करून हवी होती. तिच्या घरातली लाल नागली, म्हणजे नाचणी, सासूच्याही आधीपासूनची. बी पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. डबा गंजला, आत ओल गेली आणि पेरलेलं बहुतेक उगवलंच नाही. शेताच्या एका कोपऱ्यात तेवढी ती नागली उभी होती. दिवाळीनंतर मळणी झाली की जे हाती येईल, तेच शेवटचं बी. नागलीचा दाणा मोहरीएवढा. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी ओल आत जाते आणि दाणा बाहेर येतो. फळी एकच. चुकली तर दुसरं झाड नव्हतं.

दुकानदारानं पहिल्यांदा चोवीस दातांचं पातं पुढे केलं. "हे घ्या ताई, लोण्यासारखं कापतं."

"कापतं हो," संजना म्हणाली, "पण कापल्यावर कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते."

मग दुकानदारानं शंभर दातांचं काढलं. त्याचं म्हणणं, नाजूक काम म्हणजे जितके दात जास्त तितकं चांगलं. संजनानं ते उन्हात धरून पाहिलं आणि परत दिलं. इतके दाट दात पातळ फळीला छान, पण पाऊण इंचाच्या लाकडात भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही, लाकूड तापतं आणि कडेला काळा डाग पडतो, असं तिनं त्याला समजावलं. शेवटी तिचा हात माझ्यावर आला. तिनं माझे दात नखानं मोजले. मधल्या भोकाचं माप यंत्राच्या दांड्याच्या मापाशी जुळवून पाहिलं. मी किती वेगानं फिरू शकतो, हे माझ्या अंगावर लिहिलेलं वाचलं. माझी जाडी चिमटीत धरून पाहिली, कारण पातं जितकं जाड तितकं लाकूड भुशात जातं आणि तिच्याकडे भुशात घालवायला लाकूड नव्हतं. मग मला बोटावर अडकवून तिनं हलकीच टिचकी मारली. मी देवळातल्या लहान घंटेसारखा वाजलो. कुठे तडा असता तर आवाज बद्द आला असता. "हे द्या," ती म्हणाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं.

शेडमध्ये शेजारच्या खुंटीवर चोवीस दातांचं एक दणकट पातं राहत होतं. ते मला हसायचं. तू एक वीत कापेपर्यंत मी अख्खा दरवाजा कापतो, म्हणायचं. खरंच होतं ते. तंतूंच्या दिशेनं लांबच्या लांब फळी फाडायची तर तेच लागतं. मी तंतूंना आडवा जातो, जिथे कड दिसणार असते तिथे. प्रत्येकाची आपापली खुंटी असते.

भिकन मिस्त्रींनी मला हातात घेतलं, तेव्हा एकेक दात अंगठ्यानं चाचपला. "बरं निवडलंय," एवढंच म्हणाले. डोळे गेले तरी सांधा तपासायची त्यांची रीत होती. अंगठ्याचं नख सांध्यावरून आडवं न्यायचं. नख अडलं तर सांधा उघडा. नख घसरत गेलं तर सांधा मिटला. त्या नखाला आजवर कोणी फसवलेलं नव्हतं.

संजनानं महिनाभर मला टाकाऊ तुकड्यांवरच चालवलं. पेटीच्या कोपऱ्यात फळ्यांची टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवायची होती. मला तिरकं करायचं, तुकडा हळू पुढे न्यायचा, घाईही नाही, थांबणंही नाही. माझ्या दातांवर चीक साचला की ती मला उतरवून रॉकेलनं पुसायची. मी तरंगत राहायचो. भिंतीवर भुशाचं धुकं पसरायचं, त्यात उन्हाचे पट्टे उभे राहायचे आणि मला वाटायचं, आपण कुठल्यातरी पिवळ्या ढगात आहोत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. आम्हा सगळ्यांना पाटावर मांडलं. पूजा भिकन मिस्त्रीच करायचे, नजर गेल्यावरही. हळद-कुंकू तेलात कालवून ते प्रत्येक पात्याला बोट लावायचे. या घराची एक रीत होती. पूजेचं कुंकू फडक्यानं पुसायचं नाही, ते कामातच झडू द्यायचं. म्हणून दसरा झाल्यावर पहिला काप नेहमी टाकाऊ लाकडावर. नजर होती तोवर तो पहिला काप भिकन मिस्त्री स्वतः घ्यायचे, मग तो संजनाकडे आला. मी नवा, त्यात त्यांना माझे दात दिसत नव्हते, म्हणून एकही सुटू नये या काळजीनं त्यांनी साठही दातांना बोट लावलं. मी हळदीत न्हाऊन निघालो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आणखी दोन दिवसांनी भागीबाई येणार होती आणि त्या सकाळी दहानंतर वीज राहणार नव्हती. संजनानं मला यंत्रात बसवलं, शिवणीची फळी टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. हात महिनाभराच्या सरावानं तयार होता. मनात एकच होतं, वीज जायच्या आत. टाकाऊ तुकडा तिच्या पायाशीच पडलेला होता.

मी फळीत शिरलो. शिवणीच्या स्वप्नात डोंगरउतार होता, ढग जमिनीवर उतरले होते, बांधावर एक माणूस इवल्या रोपाभोवती काट्या रोवत होता. आणि त्या सगळ्यावर मी तेल सांडत गेलो. मला कळत होतं, पण पात्याला थांबता येत नाही.

सगळे काप झाले. संजनानं चारही फळ्या गोंद न लावता नुसत्या भिडवल्या आणि भिकन मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी चारही कोपऱ्यांवरून नख नेलं. एकदा, दोनदा. नख पाण्यावरून गेल्यासारखं गेलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. "मिटला गं," ते म्हणाले. हे ऐकायला ती चार वर्षं थांबली होती.

आणि तेव्हाच तिला दिसलं. पहिल्या कोपऱ्याच्या कापावर पिवळी ओल होती आणि फळीच्या बाहेरच्या अंगावर, कडेपासून दोन बोटं आत, कुंकवाचे तीन ठिपके.

मित्रांनो, शेडमध्ये डोळे असलेलं माणूस एकटी तीच होती. नखाला रंग कळत नाही. ती गप्प राहिली असती तर कोणाला काहीच समजलं नसतं. ती बराच वेळ फळीकडे बघत उभी राहिली. मग वडिलांच्या शेजारी खाली बसली.

"अण्णा, मी पहिला काप टाकाऊवर घेतला नाही. हळद उतरलीय."

भिकन मिस्त्रींनी हात पुढे करून फळी मागून घेतली. मग त्यांनी तो काप नाकाशी नेला. "रंगाचं सोड. तेल प्यायलंय लाकूड. यावर गोंद धरायचा नाही. आज मिटलेला सांधा पावसाळ्यात तोंड उघडेल."

"घासून काढू?"

"घासशील तर कड गोल होईल. पुन्हा काप. आणि एवढं तेल लावलं कोणी? या आंधळ्या म्हाताऱ्यानं. त्याला पण बोल जरा."

संजना उठली आणि पट्टीनं फळ्या मोजू लागली. पुन्हा कापायचं म्हणजे एका कोपऱ्याच्या दोन फळ्या आखूड होणार, म्हणजे समोरच्या दोन्हीही तेवढ्याच करायच्या. पेटी लहान होणार. तिनं पायाशी पडलेला टाकाऊ तुकडा उचलला आणि या वेळी आधी तो कापला. मग दुसरा, मग तिसरा, भुसा स्वच्छ पांढरा पडेपर्यंत. वीज जायला काही मिनिटंच उरली होती, तरी तिचा हात हळूच चालला. मी पातळ होतो, म्हणून प्रत्येक फळीचं फक्त अर्धं बोट गेलं. शेवटचा काप पुरा झाला आणि मी अजून फिरतच होतो, तेवढ्यात वीज गेली. मी हळूहळू थांबलो. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दोन दिवसांनी भागीबाई आली. तिनं विचारलं, मिस्त्री कुठंय. भिकन मिस्त्री दाराशीच बसले होते. त्यांनी संजनाच्या दिशेनं हात केला आणि म्हणाले, "मिस्त्री ती. तिला विचारा."

संजनानं काहीच लपवलं नाही. पेटी ठरल्यापेक्षा लहान झाली, चूक माझी, असं तिनं सांगितलं. कुंकवाचे ठिपकेही दाखवले. भागीबाईनं ओच्यातून नागलीची चार कणसं काढली, तळव्यांवर चोळली, दाणे पेटीत टाकले आणि खाली काळी घोंगडी पसरून पेटी चाळणीसारखी हलवली. पुष्कळ वेळ हलवली. मग वाकून घोंगडीवर बघितलं. एकही दाणा नव्हता.

"लहान झाली तं होऊ दे," ती म्हणाली. "जे मावायचं नाय ते शेजारच्या सविताकडं देन. एकाच घरात ठेवलेलं, म्हणून तं गेलं."

मग तिनं त्या तीन ठिपक्यांवर आपलं बोट ठेवलं. "आणि हे पुसू नको. माझे घरी पेरणीआधी बियाला हळद-कुंकू लावतात. ह्या पेटीनं आधीच लावून घेतलंय."

पेटी जीपमध्ये तिच्या मांडीवर बसून डोंगराकडे गेली. ते शेत मी कधी पाहिलेलं नाही. तरी ऊन कलतं तेव्हा मला तो उतार दिसतो आणि त्यावर वाऱ्यात हलणारी लाल नागली. एका बांधावर आहे तशीच, शेजारच्या बांधावरही.

आता माझ्या दातांना तीनदा धार देऊन झाली आहे. ते झिजून लहान झालेत. नाजूक कामाला नवं पातं आलंय, तेही संजना मिस्त्रीनंच निवडलेलं, टिचकी मारून. दर वर्षी दसऱ्यानंतर ती मला यंत्रात बसवते आणि पहिला काप माझ्याकडून घेते, टाकाऊ लाकडावर. भिकन मिस्त्री शेजारी बसून तो ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं हत्यार असेल. कात्री असेल, विळी असेल, आजोबांची करवत असेल. त्याला कशासाठी घडवलंय ते आधी ओळखा आणि तेच काम त्याला द्या. काम झालं की पुसून, त्याच्या खुंटीवर ठेवा. आणि हात कधी चुकलाच, तर जे नखाला कळलं नाही तेही तोंडानं सांगा. लाकूड पुन्हा कापता येतं. त्यासाठी अर्धं बोट लहान व्हावं लागतं, एवढंच.