तुळईच्या दोन कड्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर सायखेड्याला चला. साल एकोणीसशे पस्तीस. गोदावरीकाठी एक बसकं कौलारू घर आहे. आत शिरलात की वर बघा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं जाड लाकूड म्हणजे तुळई. सगळ्या छपराचा भार तिच्यावर. तिच्यात लोखंडाच्या दोन कड्या दिसल्या? तिथं नऊ वर्षांच्या सगुणाच्या भावाचा, पुंजाचा, पाळणा टांगलेला असे. आठ महिन्यांचा पुंजा तापानं गेला. पाळणा माळ्यावर गेला, कड्या राहिल्या. सगुणाची आई लंकाबाई रोज त्यांच्याखालीच अंथरूण घाली.

छप्पर पार गळकं झालं होतं. पावसाच्या आत ते नवं करायचं होतं, पण काम कुणाला द्यायचं ते ठरत नव्हतं.

आधी गावातला नजीर मिस्त्री आला. शिडी लावून वर चढला, हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकत गेला. मग सगुणाला म्हणाला, "ऐक गं पोरी. भोपळा वाजतोय का लाकूड?"

"भोपळा," सगुणा म्हणाली.

"वहिनी, वाळवीनं आतून खाल्लीय. तुळई बदलल्याबिगर मी कौलाला हात लावणार नाय."

"कड्या हलवायच्या नाय," लंकाबाई म्हणाली.

नजीर खाली उतरला. "त्या कड्या मीच ठोकल्या होत्या, वहिनी. मला काय काढाव्या वाटतात?"

लंकाबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून यादव ठेकेदार आला. अंगणातूनच, डोळ्यांवर हात धरून त्यानं आत पाहिलं. "तुळई झकास आहे, बाई. तिला कशाला हात लावायचा? चार दिवसांत मंगळुरी कौलं चढवतो."

कितीतरी महिन्यांनी लंकाबाई हसली. तिनं त्याला चहा दिला. सगुणाचे वडील खंडेराव तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुला बरं वाटंल तसं."

यादवच्या कौलांच्या गाड्या सोमवारी येणार होत्या. रविवारी दुपारी आई भांडी घासत असताना सगुणानं शिडी लावली. तिला फक्त तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. बोटांनी तुळई वाजवली, तोल सावरायला एक कडी धरली, तर कडी अलगद हातात आली. मागोमाग पिवळा भुसा खाली आईच्या अंथरुणावर सांडला.

लंकाबाई दारात उभी होती. ती पुढं आली, वाकून भुसा चिमटीत घेतला.

"आई," सगुणा वरूनच म्हणाली, "नजीरचाचा खोटं बोलला असता, तर तुला बरं वाटलं असतं ना गं?"

लंकाबाई अंथरुणाच्या कडेला बसली. पदरानं डोळे पुसले, तरी ते भरतच राहिले.

"ती दुसरीपण काढ," ती म्हणाली.

सगुणानं दुसरी कडी काढली. खाली उतरून दोन्ही कड्या परकराला पुसल्या, आईच्या ओंजळीत ठेवल्या, आणि अनवाणीच नजीर मिस्त्रीच्या घराकडे निघाली.