सव्वादोन मीटर

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी न्यायालयात मात्र मी मूग गिळून बसले होते. माझ्या पर्समध्ये दादाच्या ओव्हरटाइमच्या आठ पावत्या होत्या आणि ही गोष्ट मी दादालाही सांगितली नव्हती.

दादा छापखान्यात मशीन चालवतो. वहिनी घरी कपडे शिवते. घटस्फोट झाला, त्यांची लेक चिमी वहिनीकडे राहिली आणि आता चिमीच्या पोटगीची रक्कम ठरायची होती. कागदावर ती माझी वहिनी उरली नव्हती, पण माझ्या तोंडी दुसरा शब्द येत नाही.

हिशेबाची रीत तशी साधी. मुलीचा महिन्याचा खर्च किती, आई किती कमावते, बाप किती कमावतो; ज्याची कमाई जास्त त्याने त्या मानाने जास्त वाटा उचलायचा. खर्च धरला होता पंधरा हजार. दादाचा नुसता मूळ पगार पाहिला तर दोघांची कमाई सारखीच, म्हणजे साडेसात-साडेसात. ओव्हरटाइम धरला तर पाचांतले तीन वाटे दादाचे, म्हणजे नऊ हजार. फरक दीड हजाराचा. तेवढंच भाडं आहे वहिनीच्या पुढच्या खोलीचं, जिथे तिचं शिलाई मशीन असतं. ती खोली गेली की तिने कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायचं आणि सात वर्षांच्या चिमीने संध्याकाळी आठपर्यंत एकटीने घरात बसायचं. ओव्हरटाइमचे पैसे वेगळ्या पावतीवर मिळायचे, दादाने न्यायालयात दिलेल्या पगारपत्रकात ते नव्हते. "तुझ्या कपाटात राहू देत," म्हणून दादाने त्या माझ्याकडे दिल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी त्या पर्समध्ये का टाकल्या, ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

वहिनीने मात्र स्वतःची कमाई पै न् पै लिहिली होती. शेजारणीला उशांचे अभ्रे शिवून दिले, त्याचेसुद्धा पैसे मांडले होते. इतकं सरळ कुणी असतं का, म्हणून मला तिचाही राग आला.

दादाच्या वकिलाने तिचा खर्चाचा तक्ता हातात घेतला आणि न्यायाधीशबाईंकडे वळताना त्याला हसू आवरेना. "मॅडम, कपड्यांच्या रकान्यात रक्कमच नाही. इथे लिहिलंय, पाचव्या वर्षी फ्रॉकला दीड मीटर, सहाव्या वर्षी पावणेदोन, सातव्या वर्षी सव्वादोन."

कोपऱ्यातला कारकूनही फिस्सकन हसला. माझ्या डोक्यात सणक गेली, पण वहिनी शांतपणे उठली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सवयीने माप लिहून गेले. कापडाचा भाव आज एक, उद्या दुसरा. मला मापच लक्षात राहतं."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्ता मागवून घेतला. "एका वर्षात अर्धा मीटर जास्त?"

"एकदम उंच झालीय. मी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवते आणि ती वाढेल तसं उसवून सोडते. वर्षभर पुरतं एरवी. यंदा सहा महिन्यांतच संपलं."

"म्हणजे रक्कमही दरवर्षी वाढायला हवी," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग दादाकडे वळल्या. "केवढी झालीय हो तुमची मुलगी?"

दादाने तळहात आडवा करून कमरेच्या पट्ट्याशी धरला.

मी मान खाली घातली. चिमीला भेटायला दादाला दर रविवारी मुभा होती आणि ओव्हरटाइमही रविवारचाच असायचा. आठ महिने त्याने लेकीला पाहिलं नव्हतं. आता वहिनी त्याला सोलून काढणार, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर भर न्यायालयात त्याची सालटी काढली असती.

"बरोबर आहे त्यांचं," वहिनी म्हणाली. "गेल्या वर्षी एवढीच होती. पोर मध्येच वाढली, त्याला ते तरी काय करणार?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिला दहा वर्षं ओळखते. टोमणा असता तर मला कळला असता. एवढं मोठं मन ही बाई कुठून आणते, कोण जाणे.

दादाचा हात पट्ट्याशीच होता. तो खाकरला. "मॅडम, पगारपत्रकात सगळं नाहीये. ओव्हरटाइम वेगळा मिळतो." वकिलाने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली. "पावत्या बहिणीच्या घरी आहेत. उद्या आणून देतो."

"उद्या कशाला?" मी उठून म्हणाले आणि आठही पावत्या टेबलावर ठेवल्या. दादा माझ्याकडे बघतच राहिला. मला त्याचा अभिमान वाटला आणि आपण तोवर गप्प बसलो याची लाजही वाटली.

नऊ हजार ठरले, दरवर्षी वाढीसकट.

बाहेर व्हरांड्यात वहिनी पिशवीत कागद घालत होती. दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने पुन्हा पट्ट्याशी हात धरला.

"नक्की केवढी झालीय?"

"वर घ्या," वहिनी म्हणाली.

त्याने हात थोडा वर नेला.

"अजून."

हात हळूहळू वर सरकत शर्टाच्या खिशापाशी आला.

"बस. एवढी."

वहिनी जिना उतरून गेली, वकीलही गेला. मी दोनदा हाक मारली, तरी दादा खिशाशी हात धरून तसाच उभा होता.