चुकलं असन तं दाखवा

पिंपळटोल्याच्या तलावातले मासे मार्च महिन्यात मेले. सकाळी लोक पाळीवर, तलावाच्या बांधावर, गेले तर रोहू, कतला पोटं वर करून काठाला लागलेले, आणि पाण्याला आंबलेल्या भाताचा वास. मच्छीमार संस्थेने ते मासे वर्षभर वाढवले होते. लग्नसराईत जाळं टाकायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीहून घनश्याम आला. तो जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा वार्ताहर. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गावाबाहेरच्या राइस मिलचा मॅनेजरही आला. दोघे पाळीवर थोडा वेळ उभे राहिले आणि मग खाली, तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्यांकडे, शेतांकडे, उतरले. तिथे लीलाबाई रामटेके पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होती. घनश्यामने तिचा फोटो काढला, चार प्रश्न विचारले आणि दोघे निघून गेले.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. ‘फवारणी पंप तलावात धुतल्याने हजारो मासे मृत; महिलेची कबुली.’ खाली फोटो होता. त्याखाली अवतरणात लिहिलं होतं, ‘माझ्या हातून चूक झाली.’

लीलाबाईची मुलगी रुचिता भंडाऱ्याला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षीचा तिचा जन्म. वसतिगृहाच्या टेबलावर तिने पेपर उघडला आणि पहिल्यांदा आईचा फोटो पाहून तिला आनंदच झाला. मग तिने मथळा वाचला. त्याच दिवशी ती बस धरून मोहाडीला आणि तिथून ऑटोने गावाला गेली.

आईला वाचता येत नव्हतं. तिने रुचिताला बातमी वाचायला लावली, आणि वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावली.

“मी असं नाई म्हटलं,” लीलाबाई म्हणाली. “मी म्हटलं, पंप त मी बोरिंगवर धुतला. तलावात काहून धुईन? माह्या हातून काई चुकलं असन तं दाखवा मले.”

रुचिताने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. चुकलं असन तं दाखवा. त्यातलं ‘असन तं दाखवा’ तेवढं, म्हणजे ‘असेल तर’ ही अटच, घनश्यामने काढून टाकलं होतं. तो साकोलीकडचा, घरी हीच बोली बोलणारा माणूस. त्याला कळलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती.

गावात पेपर दोनच घरी येत होता, पण बातमी सगळ्यांना पाठ झाली. निंदणाच्या बायका कामावर जाताना लीलाबाईला हाक मारत, ते बंद झालं. संस्थेचा अध्यक्ष जागेश्वर ठाण्यात तक्रार देऊन आला आणि लीलाबाईला जबाबासाठी दिवसभर तिथे बसावं लागलं. पुष्कळांनी बातमीवर चटकन विश्वास ठेवला, कारण बाई बौद्ध वस्तीतली होती. असं कोणी बोलून दाखवलं नाही. शेत तलावाच्या खाली आहे, खालचं पाणी वर चढत नाही, पंप धुतल्याने पाण्याला आंबलेल्या भाताचा वास येत नाही, एवढा साधा विचारही कोणी केला नाही.

मिल मात्र वरच्या अंगाला होती. तिथे उसना तांदूळ करायला धान भिजवून उकडत आणि ते पिवळं, घाण पाणी जमिनीखालच्या पाइपातून नाल्यात सोडत. नाला तलावाला मिळत होता. रुचिताचे बाबा सेवकराम त्याच मिलमध्ये हमाल होते. त्यांना पाइप ठाऊक होता. गावी आली त्या संध्याकाळी रुचिताने त्यांना विचारलं तेव्हा ते ताटावरून न उठता म्हणाले, की आपलं खाणंही त्या मिलचंच आहे. त्यानंतर तिने त्यांना काही विचारलं नाही. पण त्यांचाही राग तिने मनात ठेवला.

शेजारी मनाली म्हणून नवी सून आली होती. लीलाबाईचा फोटो निघतोय म्हणून तिने त्या दिवशी बांधावरून मोबाइलवर शूटिंग केलं होतं. दोन दिवसांनी ती मागच्या दाराने आली आणि मोबाइल रुचिताच्या हातात दिला. एक मिनिट चाळीस सेकंदांचं शूटिंग. आईचं वाक्य त्यात अख्खं होतं. त्यावर घनश्याम म्हणत होता, “बरोबर आहे बाई तुमचं.” शेवटी मॅनेजरचा आवाज होता, “चला, मिलवर चहा घेऊ. काय लिहायचं ते बसून पाहू.”

रुचिताने ते लगेच कोणाला दाखवलं नाही. मनाली म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दे. रुचिताला ते पुरेसं वाटलं नाही. चार दिवस लोक पाहतील आणि विसरतील. घनश्याम तोंड लपवायला जागा शोधेल आणि त्याला ती मिळेल. तिला तो अशा ठिकाणी हवा होता, जिथून त्याला उठून जाता येणार नाही.

ती भंडाऱ्याला परतली आणि कॉलेजच्या ग्रंथालयात त्या दैनिकाच्या वर्षभराच्या फाइली काढून बसली. पाणी खराब झाल्याच्या अकरा बातम्या सापडल्या. नऊ बातम्यांत ते कोणी केलं याचा पत्ताच नव्हता. ‘पाणी दूषित झाले’, ‘मासे मृत आढळले’, ‘दुर्गंधी पसरली’. पाणी जणू आपलं आपणच नासत होतं. दोन बातम्यांत मात्र करणाऱ्याचं नाव होतं. एकीत धुणं धुणाऱ्या बायका होत्या आणि दुसरीत लीलाबाई. त्याच फाइलींमध्ये मिलच्या जाहिरातीही होत्या, दिवाळीला अर्धं पान, मिलमालक शेठच्या वाढदिवसाला पाव पान. तिने सगळ्याच्या तारखा लिहून घेतल्या. रागाने तिचं अक्षर बिघडत नव्हतं. उलट इतकं नीट ती कधीच लिहीत नव्हती.

जुलैमध्ये कॉलेजात वृक्षारोपण सप्ताह होता आणि त्यानिमित्त निबंध स्पर्धा. विषय होता, ‘पर्यावरणाची जबाबदारी कोणाची?’ बक्षीस द्यायला आणि ‘पर्यावरणस्नेही पत्रकार’ म्हणून सत्कार घ्यायला घनश्याम येणार, हे सूचना फलकावर लागलं. रुचिताने एका बैठकीत निबंध लिहिला. त्यात तिने कोणाचंच नाव घातलं नाही. ‘एक तलाव’, ‘एक गाव’, ‘एक बातमी’. नाव गाळून काय साधता येतं ते ती त्याच्याकडूनच शिकली होती. पहिलं बक्षीस तिला मिळालं, आणि पहिल्या बक्षिसाचा निबंध मंचावरून वाचायचा असे.

मराठीच्या चंदा मॅडमनी सभागृहात येताना तिला विचारलं, घाबरली तर नाहीस ना. ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं.

घनश्यामच्या खांद्यावर शाल होती, पुढ्यात रोपटं. रुचिताने वाचायला सुरुवात केली. सुरुवातीची पानं तिने लिहिली होती तशीच वाचली. मराठीत कर्ता गाळून वाक्य करता येतं, ती सोय व्याकरणाची आहे, पण ती कोणासाठी वापरायची हे लिहिणारा ठरवतो. मोठ्या माणसाने पाणी नासवलं की पाणी ‘नासतं’. गरिबावर आळ घ्यायचा असला की लगेच कर्ता सापडतो, त्याचा फोटोसुद्धा सापडतो. आणि ज्या पाण्याचा गुन्हेगार कागदावर नसतो, ते पाणी साफ करायची जबाबदारीही कोणावर येत नाही. घनश्यामने मान डोलावली. त्याला भाषण आवडत होतं.

मग तिने कागद बाजूला ठेवला. तलावाचं नाव सांगितलं. गावाचं सांगितलं, मिलचं सांगितलं, आईचं सांगितलं. बातमीची तारीख सांगून मथळा म्हटला. शेवटी मोबाइल माइकला लावला.

सभागृहात आईचा आवाज भरला. माह्या हातून काई चुकलं असन तं दाखवा मले. मग घनश्यामचा आवाज. मग मॅनेजरचा. पुढच्या रांगेतले प्राचार्य हाताने थांबवण्याची खूण करू लागले, पण चंदा मॅडम उभ्या राहून म्हणाल्या की बक्षीसपात्र निबंध पूर्ण वाचला जातो, आपली तशी प्रथा आहे. मागच्या मुलांनी आवाज पुन्हा ऐकवायला सांगितलं. रुचिताने पुन्हा ऐकवला.

प्रमाणपत्र त्याच्याच हातून घ्यायचं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याने हात पुढे करेपर्यंत थांबली. त्याने तिच्याकडे न बघता प्रमाणपत्र दिलं. तिने त्याचा चेहरा नीट पाहून घेतला.

“घनश्यामभाऊ,” ती हळूच म्हणाली, “माह्या आईनं काय म्हटलं थे आता आयकू आलं न?”

त्या आठवड्यात ते शूटिंग जिल्हाभर फिरलं. पेपरात आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला, त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. आणि मिलने सेवकरामांना कामावरून काढलं. ते घरी आले, टॉवेल झटकून खुंटीला लावला आणि आठ दिवस रुचिताशी बोलले नाहीत. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण केलं ते परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

धानाची रोवणी आटोपल्यावर, एका रविवारी दुपारी, घनश्याम लीलाबाईच्या दारात आला. शाल नव्हती, मॅनेजर नव्हता. त्याने लीलाबाईची माफी मागितली. तो म्हणाला, माझ्या हाती काही नसतं, जाहिराती आणाव्या लागतात, घरी दोन मुली आहेत. रुचिता दारातच उभी होती. आई आता याला माफ करणार, असं तिला वाटलं. लीलाबाईने त्याला पाणी दिलं. त्याने ते पिईपर्यंत ती थांबली. मग डोक्यावर पदर घेऊन ती उठली.

“चाला माह्यासंग,” ती म्हणाली. “खुलासा कोणी वाचला नाई. बातमी त्यायनं आयकली होती, आता हे बी आयकू द्या. तुमच्याच तोंडानं.”

तिने त्याला गावभर फिरवलं. निंदणाच्या बायकांच्या दारी, किराणावाल्याच्या दारी, संस्थेच्या प्रत्येक माणसाच्या दारी. प्रत्येक ठिकाणी ती घरच्यांना बाहेर बोलवायची आणि स्वतः बाजूला उभी राहायची. पहिल्या घरी घनश्याम पेपरातल्या भाषेत बोलू लागला, “गैरसमजातून काही विधान...” लीलाबाईने त्याला मध्येच थांबवलं आणि घरी बोलता तसं बोला म्हणून सांगितलं. मग तो बोलीत बोलला. “या बाईनं कबुली देल्ली नव्हती. मी खोटं लिवलं.” पाचव्या घरानंतर त्याचा आवाज बसला. ऊन तापलं होतं. रुचिता मागून चालत होती आणि घरं मोजत होती. एकतीस झाली. कोणी त्याला बसा म्हटलं नाही. जागेश्वर तर ऐकून घेऊन आपल्याच पायांकडे पाहत राहिला.

शेवटचं घर झाल्यावर त्याने घाम पुसला आणि लीलाबाईच्या दारात लावलेल्या मोटारसायकलकडे वळला. तेव्हा रुचिता आडवी आली. तिने वही आणि पेन पुढे केलं. तिला माफी नको होती. मार्चमध्ये मिलवर चहा घेताना मॅनेजर काय बोलला, पाइपाबद्दल काय सांगितलं, कोणतं वाक्य कोणी सांगितलं, ते लिहून खाली सही हवी होती.

“हे लिवलं तं माही नोकरी जाईन,” तो म्हणाला.

“माह्या बाबाची गेली,” रुचिता म्हणाली.

त्याने बाजेवर बसून दीड पान लिहिलं. तिने प्रत्येक ओळ वाचली. एका ठिकाणी ‘पाणी सोडण्यात आले’ असं होतं. तिने ते खोडायला लावलं आणि मिलचं नाव घालून पुन्हा लिहायला लावलं.

तो गेल्यावर आतून सेवकराम बाहेर आले. ते रुचिताला म्हणाले, पाइप नाल्यात कुठे उघडतो ते मी दाखवतो, बाभळीच्या खाली आहे, पावसाळ्यात दिसत नाही. त्याच संध्याकाळी दोघे चिखलातून तिकडे गेले. मिलविरुद्ध तक्रार लिहिली आणि तिला घनश्यामचा कागद, पाइपाचे फोटो आणि सेवकरामांचा जबाब जोडला. यावेळी जागेश्वरची सही सगळ्यांत वर होती.

प्रदूषण तपासणारे अधिकारी आले, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, पाइपावर पंचनामा झाला. मिल अडीच महिने बंद राहिली. दिवाळीच्या सुट्टीत रुचिता रोज सकाळी नाल्यापर्यंत जाऊन मिलच्या धुराड्यातून धूर निघत नाही हे पाहून यायची आणि मग पोटभर जेवायची. मॅनेजरला शेठने दुसऱ्या गावी पाठवलं. घनश्यामचं ओळखपत्र पेपरने काढून घेतलं. त्याने मोहाडीला बियाण्याच्या दुकानात काम धरलं, असं कोणीतरी सांगितलं. त्याच्या दोन मुलींचा विचार रुचिताच्या मनात एकदा आला. तिने तो फार वेळ राहू दिला नाही. मिल पुन्हा सुरू झाली ती पाणी साफ करायचं टाकं बांधूनच.

संस्थेने पुढच्या हंगामात नवं मत्स्यबीज आणलं. जागेश्वर लीलाबाईला बोलवायला आला, पहिली टोपली तुमच्या हातून सोडू म्हणाला. लीलाबाई तांदूळ निवडत होती. मासे सोडायला कोणाचाही हात चालतो, एवढंच म्हणून तिने मान खाली घातली ती तो जाईपर्यंत वर केली नाही.

बी. ए. झाल्यावर रुचिताने नागपूरला पत्रकारितेसाठी अर्ज केला. मुलाखतीत तिला विचारलं, या क्षेत्रात का यावंसं वाटलं. ती म्हणाली, एका माणसाचा राग आला म्हणून. मुलाखत घेणाऱ्या सरांना ती गंमत वाटली आणि ते हसले. तिने त्यांचं हसू पूर्ण होऊ दिलं, आणि मग त्या माणसाचं नाव गावासकट सांगितलं.