धनेशाच्या ढोलीसमोर

"शू!" नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. सिस्टरने अजून तोंड उघडलंही नव्हतं, नुसता श्वास घेतला होता.

पानांनी शाकारलेल्या त्या खोपीला लॉजवाले 'लपण' म्हणत. आत बाकावर दाटीवाटीने पाहुणे, समोर फट, फटीपलीकडे आभाळात घुसलेलं झाड आणि झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी. लपणात बोलायचं नाही, शिंकायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. माणसांना अशी शिस्त लागलेली पाहून रानातल्या डासांना फार बरं वाटत असावं.

सिस्टरची उभी हयात बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी तिला सिस्टरच म्हणत. तिच्या एका हाकेने व्हरांड्याच्या टोकाला डुलक्या घेणारा वॉर्डबॉय चपला शोधू लागायचा. घरात मात्र नवऱ्याने त्या आवाजाला बंदी घातली होती. गॅलरीत पक्षी येत ना!

सकाळीच लॉजच्या रिसेप्शनवर जावयाचा फोन आला होता. लेकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. "आई, तुम्ही या. आणि ती म्हणतेय, बाबा येतील का, एकदा विचारा." रानाबाहेर जाणारी जीप दिवसातून एकदाच, न्याहारीनंतर सुटायची. लेकीने आपल्या पसंतीने लग्न केलं तेव्हापासून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पोट दिसू लागल्यावर ती एकदा दारात आली, तर याने दार लावून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"अहो, पोरीला कळा..." सिस्टर कुजबुजली.

"हळू! नर येईल आता."

"जीप सुटेल. येताय का?"

"दवाखान्यात आहे ना ती? डॉक्टर मेलेत का सगळे? तू जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

पलीकडच्या टोपीवाल्या बाईंनी दोघांकडे असं पाहिलं, की जणू यांनी देवळात चिवडा खाल्ला... छे, देवळात बँडच लावला होता.

तेवढ्यात पंखांचा घरघराट झाला. नर आला. ढोलीच्या तोंडाशी लटकून घशातलं एकेक फळ तो फटीतून आत देऊ लागला. नवरा तिच्या कानाशी कुजबुजला.

"बघितलंस? मादी स्वतःला आत लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. तिला, पिल्लांना, सगळ्यांना हाच भरवतो. ऊन नाही, पाऊस नाही. बाप असावा तर असा!" त्याने चष्मा काढून डोळे पुसले. अगदी खरोखर पुसले.

सिस्टर उठली. बाक करकरला.

"काय म्हणालात?"

"शू!"

"शू काय शू! पोटुशी लेक दारात उभी होती, तेव्हा तिला आत ये म्हणायला जीभ उचलली नाही तुमची. आणि या चोचवाल्यासाठी डोळे पुसताय? लाज वाटू द्या थोडी!"

वॉर्डातला तो आवाज बऱ्याच वर्षांनी मोकळा सुटला होता. नर उडाला. चोचीतलं फळ खाली पानांत टपकलं.

"अहो बाई, आम्ही किती लांबून आलोय!" टोपीवाल्या बाई जवळजवळ रडल्याच.

"मग बसा की. तो येईल परत. त्याची बायको आत आहे."

"उडवलास ना!" नवरा म्हणाला.

सिस्टरने खांद्यावरची पिशवी काढली. त्याचा थर्मास, जादा टोपी, भिंगं पुसायचं फडकं, सगळं तिच्यात असे. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपासून ती असली पिशवी वाहत आली होती. तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"जेवणानंतरची गोळी बाहेरच्या कप्प्यात आहे." मग दाराशी थांबून तिने विचारलं, "येताय?"

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली.

जीपवाला इंजिन चालू करूनच बसला होता. "साहेब नाही आले?"

"त्यांना बाप बघायचाय," सिस्टर म्हणाली. "तुम्ही काढा गाडी."

पहिल्याच खड्ड्यात जीप उसळली. पिशवीचा पट्टा सावरायला तिचा हात सवयीने खांद्यावर गेला. तिथे पट्टा नव्हता. हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिने समोरची दांडी घट्ट धरली.

"जरा दामटा," ती म्हणाली. मोठ्याने.