बाहेर बसलेल्यांचे पाच तारे

बुधवारी गुणाबाईंच्या घरात सकाळी कुणाला कुणाशी धड बोलायला सवड नसे. पनवेलच्या बाजारात बुधवारी मासळीला गिऱ्हाईक तुटून पडतं, त्यामुळे गुणाबाई पाटी भरायच्या घाईत. मुलगा कल्पेश न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातली पहिली पाळी गाठायला उभ्याउभ्याच चहा ओतून घेत होता. धाकटी कीर्ती डबा भरत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात नुकतीच बी.एस्सी. होऊन ती गावातल्या एका रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये लागली होती. आणि सून समृद्धी मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. सोललेली कोळंबी घेऊन ती उठायला गेली आणि कंबरेला हात लावून परत खाली बसली.

"परत कंबर?" गुणाबाईंनी विचारलं.

"दोन दिस झालं, लय धरलीय," समृद्धी म्हणाली, आणि पुढचं सासूच्या कानाशी, "आनि ते पांढरं बी जातंय."

घर दोन खोल्यांचं. कानाशी बोललेलं, झोपलेली दोन पोरं सोडली, तर सगळ्यांना ऐकू गेलं. कल्पेश एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. या घरातल्या पुरुषांनी असलं काही ऐकायचं नसतं.

"हाडं वितळत्यात, दुसरं काय," गुणाबाई म्हणाल्या. "धन्याचं पानी पी."

"आये, हाडं वितळून खाली येत नाहीत," कीर्ती डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली. "बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो. डॉक्टरांना दाखवलं की गोळ्यांनी जातो."

"हिला बघा. लगीन व्हायचंय अजून आनि बोलते बघा कशी."

कल्पेश वाईट माणूस नव्हता. बायकोचं दुखणं त्याला सहन होत नसे, फक्त त्याच्याबद्दल बोलणं जमत नसे. त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, फोनवरचं नेट इतकं स्वस्त झालं होतं की टायर घ्यायचा असो की मिक्सर, तो आधी लोकांची मतं वाचत असे. आत्ताही त्यानं फोन काढला.

"ह्ये बघ. पळस्पे फाट्याच्या पुढं नवीन झालंय ना, काचेचं, लेडीज हॉस्पिटल. चार पॉइंट नऊ स्टार. 'वाइफचं ऑपरेशन केलं, एकदम बेस्ट, एसी वेटिंग रूम.' अजून एक, 'डॉक्टर खूप रिस्पेक्टनं बोलतात, पार्किंग मोठी.' आनि समोरच्या दादूकाकानं पन दिलेत की पाच."

"ते रोज मला सुविचार पाठवत्यात," गुणाबाई कौतुकानं म्हणाल्या. एकदा शेजारणीबरोबर गेल्या तेव्हा काउंटरवर त्यांचा नंबर लिहून घेतला होता. तेव्हापासून सकाळी गुलाबाच्या फुलाखाली त्यांना आरोग्याचा सल्ला येई. कोमट पाणी प्या, घास नीट चावून खा, जेवल्यावर शतपावली करा. सल्ले चांगलेच होते, त्यांनी कुणाचं वाईट झालं नसतं. मधूनच एखाद्या दिवशी त्याच फुलाखाली यायचं, 'पांढरं जातंय? पिशवीचा धोका वेळीच टाळा.' कोमट पाण्यानं पोट साफ झालेलं असल्यामुळे गुणाबाईंचा याच्यावरही विश्वास बसला होता.

शनिवारी नवराबायको दाखवून आली. कीर्ती कामावरून घरी पोचली तोवर सगळं ठरून गेलं होतं.

"पिशवी काढायची म्हनला डॉक्टर. मंगलवारी अ‍ॅडमिट," कल्पेशनं सांगितलं.

"गर्भाशय?" कीर्तीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "दादा, वयनी एकोणतीस वर्षांची आहे. तपासण्या काय केल्या?"

"सोनोग्राफी. पिशवी जाड झालीय, आनि तोंडाला जखम हाय. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल म्हनला. म्हनला, दोन पोरं झालीत ना, आता पिशवीचं काम काय."

"तोंडाजवळचा पातळ थर काचेवर घेऊन तपासायला पाठवला का? कॅन्सर होणार की नाही ते त्याच्यात कळतं. साधी तपासणी आहे ती. आमच्या लॅबमध्ये आठवड्याला कितीतरी येतात."

"तू डॉक्टर हायस का? तिथं नल्या हलवते आनि इथं शिकवते. येवढी मानसं स्टार देतात ती काय येडी?"

गुणाबाईंचा जीव मात्र भांड्यात पडला होता. एकतर दुखणं जाणार. आणि दुसरं, चैत्रातली देवीची पालखी तोंडावर आली होती. या घरात बाईनं पाळीचे चार दिवस देवाला, पाटीला, होडीला शिवायचं नाही. मागल्या साली नेमकी सून त्या दिवसांत बाजूला बसली आणि पालखीचा नैवेद्य शेजारणीकडून करवून घ्यावा लागला. गुणाबाईंची स्वतःची पिशवी कधीच काढलेली. आळीतल्या निम्म्या बायकांची काढलेली. "कटकट गेली," असं त्या एकमेकींना सांगत, डोकेदुखी गेली म्हणावं तसं. दोन मुलं झाली, की पिशवी काढायची आणि बारा महिने देवाधर्माला, कामधंद्याला मोकळं व्हायचं, हा तिथला रिवाजच होऊन बसला होता. डॉक्टरनं तो घडवला नव्हता, पण दुकान मात्र त्याच्यावरच मांडलं होतं.

रविवारी कीर्ती त्या हॉस्पिटलखालची मतं वाचत बसली. एकही सुटू दिलं नाही. खोटी असतील, पैसे देऊन लिहून घेतली असतील, असा तिचा संशय होता. तसं असतं तर बरं झालं असतं, कारण खोटं पकडता येतं. ती मतं खरी होती. माणसं खरी होती, ओळखीची होती. फक्त ते बायकांचं हॉस्पिटल असून खाली एकाही बाईचं नाव नव्हतं. नवरे होते, भाऊ होते, एक सासरा होता. त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सोफा, पार्किंग, गरम वडा, डॉक्टरांचं अदबीनं बोलणं. मांडवाबाहेर चपला राखत बसलेल्या माणसानं आतल्या जेवणाला शाबासकी द्यावी, तसा सगळा प्रकार.

ती उठून तशीच समोर दादूकाकाच्या बायकोकडे, रंभाकाकीकडे गेली. रंभाकाकी ओटीवर पुठ्ठ्यानं वारा घेत होती. पदर खांद्यावरून काढून टाकलेला, मानेवरून घाम ओघळतोय, आणि शेजारी दादूकाका अंगात बनियन घालून व्यवस्थित बसलेला.

"बस. आंगात भट्टी पेटलीय," काकी म्हणाली. "दिसातनं कितींदा पेटते. पिशवी काढल्यापासनं हाय हे. गुडघं बी गेलं. पाटी डोक्यावर घ्यायला आता दुसरीला हाक मारते मी, आजून चालिशी नाय आली मला."

"काकी, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? त्यानं असं होतं. कमी वयात काढली की हाडं लवकर ठिसूळ होतात."

"काय काय काढलं ते मला काय ठाव? यांना इचार. ते होते बाहेर."

दादूकाकाला बोलणं आपल्यावर आल्याचं कळलं. "मी काय करू? ती काउंटरवरची पोरगी बोलली, काका पाच दाबा. मी दाबले. चहा बी दिला तिनं."

"मग तुम्ही लिहा ना काकी. जे झालं ते."

रंभाकाकी हसली. "फोन यांचा. आनि नाव दिसलं तर आख्खी आली बोलंल, रंभीची पिशवी काढलीय."

"आळीला माहीत नाही का ते?"

"माहीत हाय गो. पन बोलत नाय ना."

संध्याकाळी कीर्तीनं घरात जाहीर केलं, की मी माझ्या नावानं त्या पानावर लिहिणार, की तपासणी न करता पिशव्या काढतात. गुणाबाई जागच्या उठल्या.

"तुजं नाव? बायकांच्या डॉक्टरच्या खाली? लोक बोलतील, ही कुवारी पोरगी तिथं कशाला गेलती. उरणचं स्थळ येनार हाय, ठाव हाय ना?"

"दादा, तू तरी ऐक. एक दुसरा डॉक्टर दाखव. फक्त एक."

"पैसे भरून आलोय मी. परत परत तेच काय लावलंस?"

"वयनीचं शरीर आहे ते, टायर नाही बदलायचा."

"मंग माझी बायको हाय का तुझी?"

चुलीपुढून आवाज आला. समृद्धी भाकरी थापत होती, हात पिठाचे, मान वर केलेली नव्हती. "कालपासनं तुमी दोघं माझ्या पिशवीवरनं भांडताय. मला कोनी इचारलं?"

कल्पेश परत कॅलेंडर वाचायला लागला. कीर्तीला तर कानशिलात बसल्यासारखं झालं. कारण वहिनी म्हणत होती ते अक्षर न अक्षर खरं होतं. तिनं दादाला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, शेजारी जाऊन आली होती. ज्या पोटाबद्दल ती एवढं तावातावानं बोलत होती, ते पोट तीन हातांवर बसून भाकऱ्या करत होतं, आणि त्या वहिनीशी ती एक शब्दही बोलली नव्हती. डॉक्टर बोलला नाही, नवरा बोलला नाही, आणि शिकलेली नणंदही नाही.

ती खाली बसली. "वयनी, चुकलं माझं. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटनार? मला तर ती केवढी असते ते बी ठाव नाय."

"मुठीएवढी. जेमतेम पेरूएवढी म्हण."

"आनि माझी जाड झालीय म्हनला तो. मला वाटलं, भोपला झाला असंल." समृद्धीला हसू आलं, मग ते थांबलं. "मंग कॅन्सर?"

"मुलं झाल्यावर थोडी जाड होतेच. त्याचा अर्थ कॅन्सर नाही. तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण त्यालाही नाही."

समृद्धीनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं. ह्ये मी त्यालाच इचारीन," ती म्हणाली.

मंगळवारी कीर्तीसकट तिघं हॉस्पिटलला गेली. काउंटरवर कल्पेशनं संमतीच्या कागदावर सही केली, समृद्धीला खाटेवर बसवून नर्सनं हिरवा झगा हातात दिला. डॉक्टर आले. गोरे, हसरे, आवाज मऊ. त्यांच्याबद्दल लिहिलेलं खोटं नव्हतं, ते खरंच अदबीनं बोलत.

"डॉक्टर, मला कॅन्सर हाय का नाय, ते तपासलं का तुमी?" समृद्धीनं विचारलं.

डॉक्टर कल्पेशकडे वळले. "मिस्टर, घाबरल्यात जरा. नॉर्मल आहे. समजवा त्यांना."

"मी इचारते, मला सांगा."

"बघा ताई, अशा केसमध्ये रिस्क घेत नाहीत," ते म्हणाले, पण पाहत होते कल्पेशकडेच. "तुम्हाला अजून मुलं हवीत का? नाही ना? मग?"

"तपासलं का?"

"तेवढं थांबायची गरज नसते."

समृद्धीनं झग्याची नीट घडी घातली, नर्सच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागली. कल्पेश तिच्यामागे पायरीपर्यंत गेला. "समू, लोक बघतात. परत चल." ती चालत राहिली. हायवेवरून कंटेनरचे ट्रेलर धडधडत चालले होते, त्यामुळे ती काय म्हणाली ते त्याला दोनदा ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. "मला आधी दुसऱ्या, बाई डॉक्टरला दाखवा. ती बोलली काढा, तर मी सोता चालत येईन."

कीर्तीच्या लॅबमध्ये ज्यांचे नमुने येत, त्या डॉक्टर पद्मजांचा दवाखाना जुन्या पनवेलात, एका किराणा दुकानाच्या माडीवर. फोनवर त्यांच्या नावाला धड चार मतं नव्हती, त्यातलंही एक बाक लाकडी असल्याच्या तक्रारीचं. त्यांनी कल्पेशला बाहेर बसवलं आणि समृद्धीला समोर. कधीपासून जातं, रंग कसा, खाज येते का, नवऱ्याला काही त्रास आहे का, असं एकेक विचारत गेल्या. समृद्धीनं आधी खाली बघून सांगितलं, मग त्यांच्याकडे बघून. तपासून झाल्यावर त्यांनी एक काच शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कीर्तीलाही बघायला बोलावलं. काचेवर परजीवी वळवळत होते. पुस्तकात पाहिले होते अगदी तसेच.

"गोळ्यांनी जाईल हे," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "पिशवीच्या तोंडाचा नमुना तपासायला पाठवू, मनात शंका नको. आणि गोळ्या दोघांनी घ्यायच्या. मिस्टरांना बोलवा आत."

"मला कशाला?" कल्पेश दारातच थबकला.

"कारण हा आजार दोघांत फिरतो. एकट्या बायकोनं घेऊन उपयोग नाही."

कल्पेशचा चेहरा पडला. काही दिवस त्यानं गोळ्या खाल्ल्या, कुणाला कळणार नाही अशा, पाठमोरा होऊन.

पुढं रिपोर्ट आला. कॅन्सरचं काही नव्हतं. पांढरं जाणं थांबलं होतं. कंबर अजून धरत होती, पण त्यासाठी मॅडमनी पाट्या उचलायची पद्धत बदलायला सांगितलं होतं. रिपोर्ट दाखवायला गेले त्या दिवशी समृद्धी आणि कीर्ती बाहेर आल्या, तर कल्पेश लाकडी बाकावर बसून फोनवर टाइप करत होता. खुशीत होता.

"काय करताय?"

"मॅडमना पाच स्टार देतोय. लिवतोय, वाइफला बरं वाटलं."

समृद्धीनं हात पुढं केला. "आना इकडं."

"देतोय ना मी पाच."

"तुमी बाहेर होता. आत मी गेलते."

त्यानं फोन दिला. तिनं एका बोटानं, अडत अडत लिहिलं. खातं कल्पेशचं म्हणून पहिल्या ओळीतच स्वतःचं नाव घातलं. मग तिनं कीर्तीला पळस्प्याचं ते काचेचं हॉस्पिटल उघडायला सांगितलं. तिथं एक तारा दाबला आणि लिहिलं, "मी समृद्धी, कोळीवाडा, पनवेल. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितली. तपासलं का विचारलं तर उत्तर माझ्या नवऱ्याला दिलं. गोळ्यांनी बरी झाले."

"नाव दिसंल तुझं," कल्पेश म्हणाला.

"दिसू दे."

संध्याकाळपर्यंत आळीनं ते वाचलं. गुणाबाई सुनेशी बोलेनात. काउंटरवरच्या मुलीचा कल्पेशला फोन आला, की दादा, तेवढं डिलीट करा, सरांना वाईट वाटलंय. त्यानं करतो म्हटलं आणि केलं नाही. कीर्तीनं मात्र रोज ते पान उघडून पाहिलं, आणि रोज तिची चिडचिड झाली. इतक्या पाच-पाचांत एका एकाचं वजन ते काय. आकडा चार पॉइंट नऊवरून तसूभरही हलला नव्हता. वर दोन नवे नवरे खाली लिहून गेले होते, की वडा गरम होता.

चौथ्या दिवशी सकाळी दारात रंभाकाकी उभी राहिली. घामानं डबडबलेली, आणि पदराखाली काहीतरी धरलेलं. तिनं आत डोकावून गुणाबाई बाजारात गेल्याची खात्री करून घेतली आणि पदराखालून दादूकाकाचा फोन बाहेर काढला.

"हे आंगोलीला बसलेत," ती समृद्धीला म्हणाली. "लवकर सांग. कुठं दाबायचं?"