तुळशीवरची विभूती

तारा लग्न होऊन अमरावतीला अंबापेठेत मोरोपंत वकिलांची सून झाली, त्याच महिन्यात अंगणातल्या कुंडीतली तुळस वाळली. सासू दुर्गाबाई कांगावा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नवी तुळस लावली, हळदकुंकू वाहिलं आणि सुनेला एवढंच सांगितलं, "हीही गेली, तर मूर्तिजापूरची गाडी सकाळी असते." मूर्तिजापूर ताराचं माहेर.

भाद्रपदात नव्या तुळशीच्या पानांवर पांढरी भुकटी आली. ताराला सकाळची गाडी दिसू लागली. दुर्गाबाईंनी चष्मा चढवून पाहिलं आणि हात जोडले. "विभूती! सूनबाई, तुझा पायगुण गं!"

दोन महिन्यांत साक्ष इतकी फिरलेली मोरोपंतांनी कोर्टातही पाहिली नव्हती. आळीतल्या बायका तांबे घेऊन लोटल्या. पानांवरून पाणी ओतायचं, ताराच्या हातून एक पान घ्यायचं, घरच्या तुळशीत नेऊन ठेवायचं.

भातकुलीचा सहदेव माळी फुलं द्यायला आला, तो कुंडीपाशी थबकला. पान उलटं करून पाहिलं.

"वैनीबाई, हे बुरशी हाय. वरून पानी काहून घालून राहिले? मुळाशी घाला. डागी पानं खुडून जाळा, कुंडी उन्हात ठेवा, सकाळी गंधकाची भुकटी मारा. नागपूरचा शेतकीसायेब सांगून गेला आमाले. अन् पानं वाटनं बंद करा, नाई तं साऱ्या आळीले लागन."

"हळू बोल."

"बुरशीले ऐकू येत नाई, बाई."

"कोण गं?" आतून दुर्गाबाई.

"माळी. फुलं ताजी आहेत म्हणतोय."

विभूती पुसली, की तारा पुन्हा पांढऱ्या पायाची. तिनं गंधक मागवलं. पण उद्या मारू, परवा मारू करत पुडी फडताळातच राहिली. बायका येत राहिल्या, ती पानं देत राहिली.

आठवड्यानं शेजारच्या सत्यवतीबाई धावत आल्या. "आमच्याकडेही आली हो विभूती!" संध्याकाळपर्यंत सात घरांत आली. साऱ्या आळीनं साखर वाटली. ताराला ती गिळवेना.

मग पानं काळवंडली आणि गळू लागली; आधी इथली, मागोमाग सगळ्यांची.

एका सकाळी बायका पुन्हा दारात उभ्या होत्या. या खेपेला कुणाच्याही हातात तांब्या नव्हता.

"दुर्गाबाई, ते पान आम्हाला दिलं कुणी?"

दुर्गाबाई दारातून फक्त बाजूला सरकल्या. मागे तारा उभी होती.